दोन पानांचा अहवाल: फोनवर वाचता येईल आणि फाइलला लावता येईल असा

नोकरीला लागून महिना होत नाही तोच कोणीतरी म्हणतं, “जे पाहिलंत त्याचा दोन पानांत अहवाल करून द्या.” सांगण्यासारखं तुमच्याकडे भरपूर असतं, कारण काम तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं. गाडी अडते ती मांडणीपाशी. शीर्षक कुठे, तक्ता किती रुंद, अक्षर किती मोठं, सही कुठे, हे कोणी शिकवलेलं नसतं. मग जुना एखादा अहवाल उघडून त्यातच नवा मजकूर भरला जातो आणि जुन्या चुका पुढच्या वर्षात जातात.

मी कारखान्याच्या स्टोअर्स विभागात काम करते. साठ्याची तपासणी, पुरवठादाराकडची भेट, खराब आलेला माल अशा विषयांवरचे छोटे अहवाल लिहिणं आणि नव्या मुलामुलींचे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्याकडे अहवाल दोनदा वाचला जातो. पहिल्यांदा फोनवर: साहेब शॉपफ्लोअरवर उभे असतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, ते अंगठ्याने पान सरकवत वाचतात. दुसऱ्यांदा कागदावर: प्रिंट निघते, पंच होते, फाइलला लागते आणि आठ-दहा महिन्यांनी ऑडिटला आलेला माणूस ती उघडतो. त्याला तुम्ही ठाऊक नसता, तो प्रसंगही ठाऊक नसतो. या दोन्ही वाचकांना डोळ्यांसमोर ठेवलं की मांडणीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरण म्हणून गोदामातल्या साठ्याच्या तपासणीचा अहवाल घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

आधी कागद

मजकूर टाइप करायच्या आधी वर्डमध्ये ‘लेआउट’ उघडा आणि ‘साइझ’ पाहा. तिथे ‘ए-४’ हवं, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. बऱ्याच संगणकांवर तिथे ‘लेटर’ असतं. तो अमेरिकेत चालणारा आकार आहे, २१६ × २७९ मिलिमीटर. आपल्या प्रिंटरमध्ये कागद ए-४ असतो, त्यामुळे एक तर प्रिंटर ‘लेटर कागद घाला’ म्हणून थांबतो, नाहीतर मजकूर लहान-मोठा करून छापतो. शेवटी पानाचा आकार बदलावा तर सगळे तक्ते हलतात. म्हणून हे पहिलं काम.

मग समास. वर्डचा ठरलेला समास चारही बाजूंनी २.५४ सेंटिमीटर असतो. वर, खाली आणि उजवीकडे तो ठीक आहे. डावीकडे मात्र ३.५ सेंटिमीटर ठेवा. कारण साधं आहे: नेहमीच्या पंचिंग मशीनच्या छिद्राचा मध्य कागदाच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर पडतो आणि छिद्राचा व्यास साधारण ६ मिलिमीटर असतो. म्हणजे १५ मिलिमीटर तिथेच गेले. त्यात फाइल जाड झाली की पान पूर्ण सपाट उघडत नाही, आणखी सेंटिमीटरभर भाग आत दबतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अहवालात तक्ता मोठा होता म्हणून समास सव्वा सेंटिमीटरवर आणला होता. स्क्रीनवर छान दिसत होता. फाइलला लावताना दोन ओळींतल्या साहित्य-कोडचा पहिला आकडा छिद्रात गेला. ऑडिटच्या वेळी त्या दोन वस्तू नेमक्या कोणत्या, हे कागदावरून सांगता येईना. संगणकावरची फाइल शोधा, पुन्हा छापा, तिघांच्या सह्या पुन्हा घ्या, यात एक दिवस गेला आणि तिघांसमोर मान खाली घालावी लागली. तक्ता मावत नसेल तर समास कमी करू नका, रकाने कमी करा. ते कसं, ते पुढे सांगते.

अक्षर

मराठीत अहवाल लिहायचा तर युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कोणताही संगणक ओळखेल अशा अक्षर-पद्धतीत. अजूनही काही कार्यालयांत युनिकोडच्या आधीचे टंक (फाँट) वापरात आहेत. त्या टंकात टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो टंक नसला, तर मराठीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शिवाय त्यात काही शोधता येत नाही. वर्षाने ‘कटिंग ऑइल’ शोधायला गेलात तर संगणक म्हणेल, असा शब्दच नाही. तुमच्या कार्यालयात जुनंच सॉफ्टवेअर असेल तर त्यात युनिकोडचा पर्याय आहे का ते विचारा. श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरांतही तो नंतर आला आहे.

विंडोजवर ‘निर्मला यूआय’ आणि ‘मंगल’ हे टंक मिळतात. दोन्हीपैकी मी निर्मला घेते, कारण मंगलमध्ये ओळींमधलं अंतर मुळातच जास्त पडतं आणि दोन पानांचा मजकूर अडीच पानांवर जातो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हाही मोफत मिळणारा, स्वच्छ टंक आहे. कोणताही निवडा, पण अख्ख्या अहवालात एकच ठेवा. अक्षराचा आकार मजकुराला १२, शीर्षकाला १६, उपशीर्षकाला १४. इंग्रजीत ११ चालतं. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे मूळ अक्षराला जागा कमी उरते, आणि फोनवर ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक दिसेनासा होतो.

इथे एक खाच आहे आणि नवीन माणूस हमखास अडकतो. वर्डमध्ये मराठी भाषा चालू केलेली असली की फाँटच्या चौकटीत दोन भाग दिसतात: एक रोमन अक्षरांसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाचा. देवनागरी दुसऱ्यात मोडते. तुम्ही पहिल्या भागात टंक आणि आकार बदलत राहता आणि मराठी अक्षरं हलतच नाहीत, ती या कारणाने. दोन्ही भागांत टंक आणि आकार भरा.

जाता जाता ‘ल’ आणि ‘श’ यांबद्दल. राज्य शासनाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण मानला आहे. बऱ्याच टंकांत मात्र हिंदी वळणाची रूपं येतात. कारखान्याच्या अहवालात यावरून कोणी अडवत नाही, पण सरकारी कार्यालयाकडे जाणारा कागद असेल तर टंक निवडताना ही दोन अक्षरं पाहून घ्या. मला स्वतःला आपली वळणं कागदावर दिसली की बरं वाटतं.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘विषय’ लिहून त्यापुढे दोन टिंबं देताना कीबोर्डवरचा विसर्ग दाबला जातो आणि ‘विषयः’ असं उमटतं. तो वाचायचा झाला तर ‘विषयह’ असा होईल. तिथे अपूर्णविराम हवा: ‘विषय:’. दिसायला सारखं वाटतं, पण पीडीएफमध्ये शोधताना आणि काही टंकांत छापताना फरक लगेच कळतो.

शैली एकदाच ठरवा

शीर्षक ठळक करायचं म्हणून ते निवडून ‘बी’ दाबायचं, आकार वाढवायचा, मधे जागा हवी म्हणून दोनदा एंटर मारायचं, ही आपली सगळ्यांची सवय. दोन पानांत सहा उपशीर्षकं आली की त्यांतलं एक १४ चं राहतं, एक १३ चं, एकाखाली दोन मोकळ्या ओळी, दुसऱ्याखाली एक. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण कागद घाईत केलेला वाटतो.

त्याऐवजी ‘होम’ टॅबवर ‘स्टाइल्स’मध्ये ‘हेडिंग १’वर उजवं बटण दाबा, ‘मॉडिफाय’ घ्या आणि टंक, आकार, रंग काळा, वर १२ आणि खाली ६ पॉइंट जागा असं एकदा भरून टाका. ‘नॉर्मल’चंही तसंच करा: आकार १२, ओळींमधलं अंतर १.१५, परिच्छेदाखाली ६ पॉइंट. यापुढे शीर्षकाच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबलं की काम झालं. उद्या साहेब म्हणाले ‘शीर्षकं जरा लहान करा’, तर एका जागी बदला, सगळीकडे बदलेल.

झालेलं काम तपासायला ‘होम’ टॅबवरचं ‘¶’ हे चिन्ह दाबा. तुम्ही मारलेले सगळे एंटर, टॅब आणि स्पेस दिसू लागतात. दोन ओळींमध्ये ‘¶’ एकट्याने उभा असेल तर तो काढा आणि जागा शैलीतून द्या. नवं पान हवं असेल तर एंटर मारत खाली जाऊ नका, कंट्रोल आणि एंटर दाबा.

मजकूर डावीकडे लावलेला ठेवा. दोन्ही बाजूंनी सरळ कडा दिसावी म्हणून ‘जस्टिफाय’ केलं की मराठीत ओळींच्या मधे भगदाडं पडतात. आपले शब्द लांब असतात, प्रत्यय जोडून आणखी वाढतात. ‘पुरवठादाराकडूनच’सारखा शब्द ओळीत मावला नाही की तो अख्खाच खाली जातो आणि वरच्या ओळीतले शब्द ताणले जातात.

पानाचं डोकं आणि पहिल्या चार ओळी

सर्वांत वर संस्थेचं नाव. त्याखाली डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे तारीख. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा: ‘४ जून २०२५’. ‘४/६/२५’ आपण चार जून वाचतो, पण परदेशी ग्राहकाकडे गेलेल्या कागदावर तो सहा एप्रिल होऊ शकतो. मग ‘प्रति’, ‘प्रेषक’ आणि ‘विषय’.

विषयाच्या ओळीवर वेळ घालवा. नवी मुलं लिहितात: ‘विषय: साठा तपासणीबाबत.’ ‘बाबत’ने काहीच कळत नाही, वर्षभरात असे बारा कागद फाइलला लागतात आणि बारांचा विषय तोच. त्याऐवजी:

‘विषय: गोदाम क्र. २ मधील साठा तपासणी, मे २०२५ अखेर: ₹१४,३१० ची निव्वळ तूट’

जागा, काळ आणि निकाल तिन्ही आले. फोनवर पहिल्या पडद्यावर एवढं दिसलं तरी पुरतं. इथे ‘क्र.’ आणि ‘२’ यांच्यामध्ये नुसती स्पेस न देता कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस दाबा. म्हणजे ओळ मोडताना आकडा एकटा खाली पडत नाही. रुपयाचं चिन्ह इंग्लिश-इंडिया कीबोर्डवर उजवीकडचं ऑल्ट आणि ४ दाबून येतं, ‘रु.’ लिहिलं तरी चालतं. दोन्ही एकाच अहवालात मिसळू नका.

त्याखाली लगेच सारांश, पाच-सहा छोट्या वाक्यांचा. आपल्याला शाळेपासून प्रस्तावना लिहायची सवय आहे: ‘आपल्या आदेशानुसार दि. अमुक रोजी मी व माझे सहकारी…’ तो मजकूर हवा, पण त्याची जागा नंतरची. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात तूट किती हे दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतं. आम्ही दोघींनी बसून सारांश असा केला:

‘गोदाम क्र. २ मधील तीन वस्तूंची ३१ मे रोजी प्रत्यक्ष मोजणी केली. दोन वस्तू कमी आणि एक जास्त निघाली. निव्वळ तूट ₹१४,३१०. तुटीचा मोठा भाग कटिंग ऑइलचा आहे. ऑइल देताना मापाची नोंद होत नाही, हे त्याचं कारण दिसतं. १ जुलैपासून मापाची वही सुरू करावी, अशी शिफारस आहे.’

एवढं वाचून साहेब ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतात. बाकीचा अहवाल त्या ‘हो’ला आधार देण्यासाठी असतो.

तक्ता

छोट्या अहवालात खरी कसोटी तक्त्याची. मूळ मसुद्यात नऊ रकाने होते: अनुक्रमांक, कोड, वस्तू, एकक, नोंद, प्रत्यक्ष, फरक, दर, रक्कम. उभ्या ए-४ वर ते बसवायला अक्षर ८ चं केलं होतं. आम्ही काय केलं? एकक वस्तूच्या नावाशेजारी कंसात घेतलं. तीनच ओळी असल्यामुळे अनुक्रमांक काढला. कोड परिशिष्टाच्या पूर्ण यादीत गेला. उरलं ते असं:

| वस्तू | नोंद | प्रत्यक्ष | फरक | दर (₹) | रक्कम (₹) |
|---|---:|---:|---:|---:|---:|
| बेअरिंग ६२०५ (नग) | ४८० | ४६२ | −१८ | १५५ | −२,७९० |
| कटिंग ऑइल (लिटर) | १,२०० | १,१४० | −६० | २१० | −१२,६०० |
| पॅकिंग खोके (नग) | ३,५०० | ३,५६० | +६० | १८ | +१,०८० |
| निव्वळ | | | | | −१४,३१० |

शब्द डावीकडे, आकडे उजवीकडे लावा, म्हणजे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येतं आणि नजर टाकताच लहान-मोठं कळतं. आकडे मध्यभागी लावण्याचा मोह होतो, तो टाळा. रुपयाचं चिन्ह प्रत्येक घरात न लिहिता रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहा. नग आणि लिटर यांची बेरीज करू नका, त्या घरांत काही न लिहिणंच बरोबर. तूट आणि जास्तीचा माल एकमेकांत वजा करून फक्त १४,३१० लिहिलंत तर ऑडिटवाले विचारतील की एकूण तूट किती. म्हणून तक्त्याखाली एक ओळ द्या: ‘एकूण तूट ₹१५,३९०, जास्तीचा माल ₹१,०८०.’

स्वल्पविराम आपल्या पद्धतीनेच: १२,३४,५६७. एक्सेलमधून आणलेला आकडा १,२३४,५६७ असा दिसत असेल तर विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये ‘डिजिट ग्रुपिंग’ बदला. लाखांच्या जागी दशलक्ष वाचून गडबडलेली माणसं मी पाहिली आहेत. रकमा मोठ्या असतील तर तक्त्याच्या वर ‘आकडे लाख रुपयांत’ असं लिहा आणि मग सगळे आकडे लाखांतच ठेवा. अंक देवनागरी घ्यायचे की रोमन, हे कार्यालयाची रीत पाहून ठरवा. एकाच तक्त्यात दोन्ही नकोत. पुरवठादाराच्या बिलावरचा क्रमांक मात्र जसा छापलाय तसाच उतरवा.

तक्ता पुढच्या पानावर जाणार असेल तर पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ दाबा. डोक्याची ओळ दुसऱ्या पानावरही येते. ‘टेबल प्रॉपर्टीज’मध्ये ‘रो’ खाली ओळ दोन पानांत तुटू देणारी खूण असते, ती काढा. रेघा बारीक आणि काळ्या पुरतात. हिरवा-पिवळा रंग भरू नका. कार्यालयातली बहुतेक प्रिंट काळी-पांढरी निघते आणि त्याची झेरॉक्स काढली की रंगाच्या जागी करडा डाग उरतो, आकडा त्यात बुडतो.

तक्त्याला क्रमांक आणि नाव वर द्या, फोटोला खाली. मजकुरात ‘वरील तक्त्यात’ न लिहिता ‘तक्ता १ मध्ये’ लिहा, कारण उद्या एक परिच्छेद वाढला की तक्ता वर राहतोच असं नाही.

उरलेलं

सारांशानंतर काय पाहिलं, कारण काय दिसतं आणि काय करावं, या क्रमाने तीन उपशीर्षकं पुरेशी आहेत. शिफारशींना क्रमांक द्या, म्हणजे साहेब समासात ‘२ मंजूर’ असं लिहू शकतात. प्रत्येक शिफारशीत कोण आणि कधीपर्यंत हे असू द्या.

फोटो दोनच ठेवा, बाकीचे परिशिष्टात. फोनवरून आणलेला फोटो ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ने हलका करा, नाहीतर दोन पानांची फाइल जड होऊन ईमेलला अडते.

पान क्रमांक खाली, ‘२ पैकी पान १’ असा. नुसता ‘१’ असेल तर दुसरं पान गळालं तरी कोणाला कळत नाही. सही शेवटच्या पानावर एकटी पडू देऊ नका. शेवटच्या दोन-तीन ओळी निवडून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ला खूण करा, म्हणजे त्या सहीबरोबरच राहतील. सहीसाठी किमान दीड सेंटिमीटर जागा सोडा, खाली नाव, हुद्दा, तारीख. शिक्का सहीच्या शेजारी बसेल एवढी मोकळी जागा उजवीकडे हवी.

पाठवण्याआधी

वर्डची फाइल पाठवू नका. समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा टंक नसतो आणि तक्ता विस्कटतो. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग विषय असं ठेवा. फोल्डरमध्ये ती आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

मग ती पीडीएफ आधी स्वतःच्याच फोनवर पाठवा. उभ्या फोनवर, मोठं न करता, विषयाची ओळ आणि सारांश वाचता येतो का पाहा. येत नसेल तर अक्षर लहान आहे.

शेवटी एक प्रिंट काढा. ती पंच करा आणि टेबलावरच्या सर्वांत जाड फाइलला मधोमध लावून पान उघडा. तक्त्यातल्या पहिल्या रकान्याचं पहिलं अक्षर, ‘बेअरिंग’मधला ‘बे’, पान न दाबता दिसतो का? दिसत असेल तर दुसरी प्रिंट काढा आणि तिच्यावर सही करा.